शेवट दुसऱ्या हाताचा

मराठीत आपण ज्या साहित्यप्रकाराला कादंबरी म्हणतो, त्याचे नाव एका अपुऱ्या राहिलेल्या पुस्तकावरून आले आहे. सातव्या शतकात, हर्षवर्धनाच्या काळात, बाणभट्टाने ‘कादंबरी’ लिहायला घेतली. ती त्याच्या हातून पुरी झाली नाही. उरलेला भाग त्याच्या मुलाने लिहिला. हिंदी आणि बंगालीने या साहित्यप्रकारासाठी ‘उपन्यास’ हा शब्द घेतला, गुजरातीने ‘नवलकथा’ म्हटले. मराठीने आणि कन्नडने मात्र बाणाच्या नायिकेचे नाव उचलले. ही माहिती वाङ्मयेतिहासाच्या कुठल्याही पुस्तकात मिळते. मीही ती अनेकदा वाचली होती आणि पुढे गेलो होतो. तिच्यापाशी थांबायला मला पन्नाशी उलटावी लागली, आणि थांबवले ते एका अमेरिकन अद्भुतकथामालेच्या चौदाव्या, म्हणजे शेवटच्या खंडाने.

त्या मालेचे नाव ‘द व्हील ऑफ टाइम’, आपल्या भाषेत कालचक्र. लेखक रॉबर्ट जॉर्डन. शेवटचा खंड ‘अ मेमरी ऑफ लाइट’ ८ जानेवारी २०१३ रोजी प्रसिद्ध झाला, तेव्हा जॉर्डनला जाऊन पाच वर्षे उलटली होती. मुखपृष्ठावर त्याच्या नावाबरोबर ब्रँडन सँडरसन हे दुसरे नाव होते. माला सुरू झाली तेव्हा हा सँडरसन शाळकरी वयाचा होता.

मी या पुस्तकांकडे उशिरा वळलो, आणि खरे सांगायचे तर स्वार्थाने वळलो. आमच्या गावचे एक निवृत्त शिक्षक, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणत असू, यांनी तालुक्यातल्या जुन्या घाटवाटांचा इतिहास लिहायला घेतला होता. तीस वर्षे ते त्यासाठी पायपीट करत होते. कागदपत्रे कशी वाचावीत, म्हाताऱ्या माणसांना प्रश्न कसा विचारावा, हे मला त्यांनीच शिकवले. माझे दुसरे विद्यापीठ नाही. अण्णा गेले आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी एक पत्र्याची ट्रंक माझ्यापुढे ठेवली. म्हणाल्या, “हे आता तूच पुरं कर. आणि सगळं त्यांचंच वाटलं पाहिजे हं. तुझं नाव आलं नाही तरी चालेल ना रे?” मी चालेल म्हणालो. ट्रंकेत सात प्रकरणे स्वच्छ अक्षरात लिहिलेली होती आणि पुढच्या तीन प्रकरणांच्या नुसत्या चिठ्ठ्या. चार वर्षे मी ती ट्रंक उघडून बंद करत राहिलो. अण्णांसारखे वाक्य मला लिहिता येईना, आणि माझ्यासारखे लिहिले तर काकूंना दिलेला शब्द मोडत होता.

माझी ही कथा ऐकून एकदा भाचा म्हणाला, “मामा, तुझ्यासारखंच एका लेखकाचं झालं होतं. चौदा पुस्तकं आहेत, पण वाच.” ती वाचायला मला अडीच वर्षे लागली. हा लेख त्या वाचनाचा आणि त्यामागच्या इतिहासाचा आहे.

चार्ल्सटनचा लेखक

रॉबर्ट जॉर्डन हे टोपणनाव. खरे नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी. जन्म १७ ऑक्टोबर १९४८ चा, अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्सटन शहरातला. व्हिएतनामच्या युद्धात तो हेलिकॉप्टरवर बंदूक चालवणारा सैनिक होता. परत आल्यावर त्याने चार्ल्सटनमधल्याच ‘द सिटाडेल’ या लष्करी शिस्तीच्या महाविद्यालयातून भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि अमेरिकी नौदलासाठी अणुअभियंता म्हणून नोकरी केली. १९७७ च्या सुमारास तो लेखनाकडे वळला. १९८१ मध्ये त्याचे लग्न झाले ते हॅरिएट मॅकडूगल यांच्याशी. हॅरिएटबाई व्यवसायाने संपादक. त्याच्या मालेचा प्रत्येक खंड त्यांच्या हाताखालून गेला. नवरा घरात लिहितो आणि बायको त्यावर पेन्सिल चालवते, असा हा संसार होता. पुढे जे घडले ते समजायला ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

मालेचा पहिला खंड ‘द आय ऑफ द वर्ल्ड’ १९९० मध्ये आला. आडगावातला रँड नावाचा शेतकऱ्याचा मुलगा, त्याचे दोन मित्र, गावातल्या दोन मुली, आणि त्यांना गावाबाहेर काढणारी एक जादू जाणणारी बाई. रँड हा जुन्या युगातल्या एका वीराचा पुनर्जन्म आहे आणि शेवटच्या लढाईत त्याला अंधाराच्या अधिपतीसमोर उभे राहायचे आहे, हे हळूहळू उलगडते. कालचक्राला सात आरे, प्रत्येक आरा म्हणजे एक युग. युगे येतात, जातात आणि पुन्हा येतात. चार युगांच्या हिशोबात वाढलेल्या आपल्याकडच्या वाचकाला ही कल्पना परकी वाटत नाही.

मुळात बेत सहा पुस्तकांचा होता. सुरुवातीचा वेग थक्क करणारा आहे. १९९० मध्ये दोन खंड, आणि त्यानंतर १९९४ पर्यंत दरवर्षी एक. मग अंतर वाढू लागले. १९९६, १९९८, २०००, २००३, २००५. गोष्टही फुगत गेली. दहावा खंड वाचताना माझ्या संयमाची कसोटी लागली. सहाशेहून जास्त पानांत कथानक जेमतेम हलते. तिकडच्या वाचकांनीही त्याबद्दल पुष्कळ कुरकुर केली. पूर्ण मालेची शब्दसंख्या चाळीस लाखांच्या वर जाते. एवढ्या मोठ्या कथेच्या वाचकाला एक भीती सतत सोबत करते, की हा माणूस गोष्ट पुरी करील ना?

दुखणे आणि टिपणे

मार्च २००६ मध्ये जॉर्डनने स्वतःच पत्र लिहून वाचकांना कळवले की आपल्याला अमिलॉयडोसिस झाला आहे. या दुर्मीळ विकारात एक प्रकारचे प्रथिन अवयवांत साठत जाते. त्याच्या बाबतीत ते हृदयात साठत होते. बारावा खंड हाच शेवटचा, असे तो सांगत होता. एवढी गोष्ट एका पुस्तकात कशी मावणार, असे विचारणाऱ्यांना तो गमतीने म्हणे की प्रकाशकाला बांधणीची नवी पद्धत शोधावी लागली तरी पुस्तक एकच होईल. नावही ठरले होते, ‘अ मेमरी ऑफ लाइट’.

१६ सप्टेंबर २००७ रोजी तो गेला. जाण्याआधीच्या आठवड्यांत त्याने घरच्या माणसांना जवळ बसवून उरलेली गोष्ट तोंडी सांगितली, आणि ती ध्वनिमुद्रित करून, टिपून ठेवली गेली. लिहून झालेले काही प्रसंग होते, काही प्रसंगांचे आराखडे होते, काही ठिकाणी एखाददुसरीच ओळ होती. शेवटच्या पुस्तकासाठीची ही सामग्री सुमारे दोनशे पानांची भरली. शिवाय त्या कल्पित जगातल्या माणसांची, देशांची, रिवाजांची टिपणे होती, ती वेगळीच. या सामग्रीत सगळ्यात मोलाची चीज होती अगदी शेवटचा प्रसंग. पहिला खंड लिहिण्याच्याही आधीपासून हा प्रसंग आपल्या डोळ्यांपुढे आहे असे जॉर्डन कायम सांगत असे. तो त्याने स्वतःच्या हाताने लिहून ठेवला होता.

जॉर्डनची कागदपत्रे पुढे चार्ल्सटनच्याच महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जतन झाली. ट्रंकेतल्या चिठ्ठ्यांशी झगडणाऱ्या माझ्यासारख्याला याचे अप्रूप वाटले. कारण दुसऱ्याने पुरे केलेल्या पुस्तकात कोणाचे काय, हे तपासायचे असेल तर मूळ कागद जागेवर असावे लागतात. आपल्याकडे बहुधा ते रद्दीत जातात आणि मागे उरते ती दंतकथा.

शेवट आधी वाचणारा

जॉर्डनच्या निधनानंतर अनेकांनी श्रद्धांजलीपर लिहिले. त्यांत ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाचे एक टिपण होते. जन्म १९७५ चा. पंधराव्या वर्षाच्या आसपास त्याने मालेचा पहिला खंड वाचला आणि त्याच पुस्तकांमुळे तो लेखक झाला. कोणीतरी हे टिपण हॅरिएटबाईंपुढे आणून ठेवले. त्यांनी ते वाचले, मग त्याची एक कादंबरी मागवून वाचली, आणि त्याला फोन करून विचारले. डिसेंबर २००७ मध्ये घोषणा झाली.

सँडरसनने पुढे अनेकदा सांगितलेली हकिगत अशी, की तो चार्ल्सटनला त्या घरी पोचला आणि त्याच रात्री जॉर्डनने लिहून ठेवलेला शेवट वाचून काढला. मला या प्रसंगाचे फार कुतूहल वाटते. लाखो लोक ज्या पानांची वर्षानुवर्षे वाट पाहत होते, ती पाने एका वाचकाने इतरांच्या पाच वर्षे आधी वाचली, आणि मग त्या पानांपर्यंत जाणारा रस्ता बांधायला तो बसला. दुसऱ्याचे अपुरे पुस्तक पुरे करणाऱ्याला साधारणपणे सुरुवात ठाऊक असते आणि शेवट शोधायचा असतो. इथे उलटे होते. शेवट मूळ लेखकाचा, आणि मधली वाट दुसऱ्याची.

ती वाट एका पुस्तकात मावली नाही. २००९ मध्ये जाहीर झाले की शेवटचा खंड तीन पुस्तकांत निघेल. ‘द गॅदरिंग स्टॉर्म’ ऑक्टोबर २००९ मध्ये, ‘टॉवर्स ऑफ मिडनाइट’ नोव्हेंबर २०१० मध्ये आणि जॉर्डनने ठरवलेले नाव ज्याला मिळाले ते चौदावे पुस्तक जानेवारी २०१३ मध्ये आले. या पुस्तकाचे मुखपृष्ठदेखील दुसऱ्या हाताचे आहे. पहिल्या खंडापासून चित्रे काढणारे डॅरेल स्वीट डिसेंबर २०११ मध्ये वारले, आणि शेवटचे चित्र मायकेल व्हेलन यांनी काढले. लेखक बदलला, चित्रकार बदलला. बदलल्या नाहीत त्या हॅरिएटबाई. सँडरसनची पानेही त्यांच्याच पेन्सिलीखालून गेली. या मालेचे सातत्य कोणी राखले, असे कोणी मला विचारले तर मी आधी संपादकाचे नाव घेईन.

सँडरसनने पहिल्याच पुस्तकाच्या प्रास्ताविकात एक गोष्ट उघड सांगून टाकली. जॉर्डनच्या शैलीची नक्कल करण्याचा प्रयत्न आपण केलेला नाही. नट तेच आहेत, संहिताही बरीचशी तीच आहे, काही दृश्यांपुरता दिग्दर्शक मात्र नवा आहे, अशा अर्थाची तुलना त्याने केली आहे.

सांधा शोधताना

मी शेवटचे पुस्तक पहिल्यांदा वाचले ते पोलिसासारखे. हातात पेन्सिल, आणि समासात ‘जॉ’ किंवा ‘सँ’ अशी अक्षरे. कुठे मूळ लेखकाचे वाक्य आहे आणि कुठे दुसऱ्याचे, हे हुडकण्याचा खेळ. अकरा खंड वाचल्यावर कान थोडे तयार होतात. जॉर्डन कपड्यांचे भरतकाम, जेवणाचे पदार्थ, सरायांच्या पाट्या यांत रमतो. एखाद्या बाईने घागरा नीट केला किंवा वेणी ओढली यावरून तिच्या मनाचा पारा दाखवतो. सँडरसन लगबगीने चालतो. प्रसंग छोटे, संवाद सरळ, पात्रे मनातले बोलून टाकणारी. मॅट या विनोदी पात्राच्या बाबतीत फरक सर्वांत जाणवतो. बाराव्या पुस्तकातला मॅट वेगळाच वाटतो अशी तक्रार वाचकांनी केली, आणि त्यात तथ्य असल्याचे सँडरसनने नंतर मान्य केले. जॉर्डनचा मॅट गंभीर असतो आणि त्यामुळे आपल्याला हसू येते. बाराव्या खंडातला मॅट स्वतःच विनोद करायला जातो. पुढच्या दोन पुस्तकांत तो बराच सावरला आहे.

चौदाव्या पुस्तकात ‘शेवटची लढाई’ याच नावाचे एक प्रकरण आहे. ते एकटेच जवळजवळ दोनशे पानांचे आहे. मध्ये कुठे श्वास घ्यायला प्रकरणाचा उंबरा नाही. मी ते दोन रात्रींत वाचले. पहिल्या खंडापासून ओळखीची झालेली माणसे त्यात एकामागून एक पडतात, काही तर एका वाक्यात. वाचताना मनात आले की युद्ध प्रत्यक्ष पाहिलेला होता तो जॉर्डन, आणि हे प्रकरण ज्याने लिहिले तो सँडरसन कधी सैन्यात नव्हता. जॉर्डनने ते कसे लिहिले असते? कदाचित निम्म्या लांबीचे, कदाचित दुप्पट. उत्तर मिळण्यासारखे नाही. पण हा प्रश्न पडला आणि माझ्या लक्षात आले, की गेल्या साठ पानांत मी समासात एकही अक्षर लिहिलेले नव्हते. पेन्सिल कधी खाली ठेवली तेही आठवेना.

ज्यांना ही पुस्तके वाचायची आहेत त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.

अगदी शेवटी रँड एकटा, कोणी ओळखणार नाही अशा रूपात निघून जातो. ज्या शक्तीमुळे त्याचे सगळे आयुष्य घडले आणि बिघडले, ती आता त्याच्याकडे नाही. तो चिलीम भरतो. पेटवायला काही नसते. तो चिलीम पेटली आहे असा नुसता विचार करतो आणि चिलीम पेटलेली असते. कशी? पुस्तकात याचे उत्तर नाही. हा प्रसंग जॉर्डनचा स्वतःचा. चौदा पुस्तकांत जादूचे नियम हिशोबनिसासारखे मांडलेले आहेत आणि शेवटच्या पानावर लेखक त्यांत न बसणारी एक गोष्ट ठेवून जातो. सँडरसनला इथे दोन वाक्यांचे स्पष्टीकरण घालणे सहज शक्य होते. त्याने ते घातले नाही. मूळ लेखकाने जे बंद ठेवले ते त्याने बंदच ठेवले. त्याचे या मालेतले सर्वांत चांगले काम मला या न लिहिलेल्या दोन वाक्यांत दिसते.

आपल्याकडचे तीन हात

इथून मी पुन्हा आपल्या शेल्फाकडे वळलो. पुरे करणारे हात आपल्याकडे कमी नाहीत. त्यांतली तीन उदाहरणे घेतो, कारण तिघांनी तीन वेगळ्या रीती पाळल्या.

पहिला बाणपुत्र. त्याचे नाव भूषणभट्ट असे सांगतात, काही हस्तलिखितांत पुलिंद असेही येते. बाणाची कथा तुटते ती भर बोलण्यात. पत्रलेखा चंद्रापीडाला कादंबरीची विरहावस्था सांगत असते, आणि तिथेच पूर्वभाग संपतो. मुलाने उत्तरभागाच्या आरंभी आपली बाजू मांडली आहे. तिचा आशय असा, की वडील स्वर्गाला गेले आणि त्यांच्या वाणीबरोबर कथाही खुंटली. ती अपुरी राहिल्याचे सज्जनांना झालेले दुःख पाहून मी हे काम घेतले, कवित्वाच्या अभिमानाने घेतलेले नाही. बी वडिलांनी पेरले होते, मी पीक गोळा करतो आहे, असेही तो म्हणतो. म्हणजे सांधा कुठे आहे ते तो स्वतःच दाखवतो. ही कथाही पुनर्जन्मांची. पोपटाची गोष्ट ऐकत बसलेला राजा शूद्रक हाच त्या गोष्टीतला चंद्रापीड आहे, ही सगळ्यात मोठी गाठ सुटते ती मुलाच्या भागात. कथेचे मूळ बृहत्कथेच्या परंपरेत होते, त्यामुळे शेवटाचा आराखडा त्याच्यापाशी होता असे मानायला जागा आहे. वडिलांइतकी लांबलचक, दागिन्यांनी लगडलेली वाक्ये त्याला साधत नाहीत असे रसिक म्हणत आले. तरीही त्याचा भाग वगळून कोणी ‘कादंबरी’ वाचत नाही.

दुसरा पैठणचा गावबा. एकनाथांनी ‘भावार्थ रामायण’ युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत आणले आणि १५९९ मध्ये नाथ गेले. पुढचा भाग गावबाने लिहिला अशी परंपरा आहे. रोज पुरणपोळी मागणारा, मंदबुद्धीचा समजला जाणारा मुलगा, नाथांच्या घरी राहिलेला. त्याच्या हातून हे काम होईल असे नाथांनीच सांगून ठेवले होते, अशी कथा आहे. गावबाने मुद्रा नाथांचीच ठेवली आणि सांधा ओळखू येत नाही अशी त्याची कीर्ती झाली. काकूंना माझ्याकडून हवे होते ते हेच. भक्तीच्या व्यवहारात हा मार्ग शोभतो. लिहिणारा आपला अहं गुरूच्या पायाशी ठेवतो आणि ऐकणाऱ्याला रामकथेशी काम असते, कर्तृत्वाच्या वाटणीशी नाही.

तिसरे उदाहरण बनारसचे. १९९० च्या दशकात दूरदर्शनवर आलेल्या ‘चंद्रकांता’मुळे देवकीनंदन खत्री हे नाव मराठी घरांतही पोचले. ऐयार आणि तिलिस्म यांच्या त्यांच्या कादंबऱ्यांनी एकेकाळी उत्तरेत वाचनाचे वेड लावले होते. त्यांची ‘भूतनाथ’ ही दीर्घ कादंबरी १९१३ मध्ये त्यांच्या मृत्यूमुळे अर्धवट राहिली. सहा भाग त्यांचे, पुढचे भाग मुलाने, दुर्गाप्रसाद खत्री यांनी लिहिले. हाही मुलगाच, पण स्वतःच्या वेगळ्या कादंबऱ्या लिहिणारा व्यवसायी लेखक. इथे दोन नावे, दोन वाटे, सगळा व्यवहार उघड.

एक मुलगा, एक शिष्य, पुन्हा एक मुलगा. आणि चार्ल्सटनच्या बाबतीत एक वाचक. ना रक्ताचे नाते, ना दीक्षा. सँडरसन जॉर्डनला ओळखत नव्हता. त्याचा अधिकार एवढाच, की त्याने ती पुस्तके पंधराव्या वर्षापासून जीव लावून वाचली होती. छापील पुस्तकाच्या युगात जन्मलेले हे चौथे नाते मला महत्त्वाचे वाटते. वाचक हाही वारस होऊ शकतो. मात्र त्याच्यावर मुलापेक्षा आणि शिष्यापेक्षा कडक बंधन येते. मुलाला सूट मिळते, शिष्याला आशीर्वाद असतो. वाचकाने मात्र कागद दाखवून काम करावे, स्वतःचे नाव लावावे, आणि जे मूळ लेखकाने सांगितले नाही ते त्याच्या तोंडी घालू नये.

एक शेवट

कालचक्राच्या प्रत्येक खंडाचे पहिले प्रकरण वाऱ्याच्या वर्णनाने सुरू होते. कुठेतरी वारा उठतो, आणि लेखक बजावतो की चक्राला आरंभ नसतो. या वाऱ्याला तो इंग्रजीतले ‘द’ हे उपपद नाकारतो आणि ‘अ’ हे उपपद देतो. चौदाव्या पुस्तकाच्या अखेरीला वारा पुन्हा येतो, आणि या वेळी तेच उपपद शेवटाला लागते. मराठीत असली उपपदे नाहीत. आपण नुसते ‘शेवट’ म्हणतो, आणि हा अनेकांतला एक शेवट आहे असे म्हणायचे असेल तर ‘एक’ हा शब्द आवर्जून जोडावा लागतो. मला वाटते, दुसऱ्याने पुरे केलेल्या पुस्तकाबद्दल बोलताना तो जोडावा. जॉर्डनने लिहिले असते ते पुस्तक कोणालाच वाचायला मिळणार नाही. आपल्या हातात आहे तो एक शेवट. तो नसता तर रस्त्याच्या मधोमध उभे राहिलेले अकरा खंड उरले असते, आणि पत्रलेखा अजून अर्ध्या वाक्यात थांबलेली असती.

यंदाच्या श्रावणात मी काकूंकडे गेलो आणि चार वर्षांपूर्वी दिलेला शब्द परत मागितला. अण्णांची सात प्रकरणे एका काना-मात्रेचाही बदल न करता छापायची. त्यांच्या चिठ्ठ्या चिठ्ठ्या म्हणूनच, तारखांसकट द्यायच्या. उरलेली तीन प्रकरणे मी लिहीन, माझ्या भाषेत, आणि तिथे माझे नाव असेल, म्हणजे चूक झाली तर ती अण्णांच्या माथी जाणार नाही. काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे त्यांचं कुठं संपलं ते लोकांना कळणार.” मी हो म्हणालो. त्या उठून आत गेल्या आणि चहा ठेवला. नाही म्हणाल्या नाहीत.

ट्रंकेतल्या शेवटच्या चिठ्ठीवर एका वाटेचे नाव आहे आणि खाली पेन्सिलीने एवढेच लिहिलेले आहे, ‘उतारावरचे टाके, पुन्हा जाऊन पाहणे’. दसऱ्यानंतर मी तिथे जाऊन आलो. टाके आहे, कातळात खोदलेले, पाणीही आहे. अण्णांना तिथे पुन्हा काय पाहायचे होते ते मला दोन तास बसूनही कळले नाही. मी टाक्याची लांबी-रुंदी-खोली मोजून लिहून आणली आहे. ती माझ्या प्रकरणात जाईल. चिठ्ठी तिच्या जागी, जशीच्या तशी छापली जाईल.